नळीतला रंग

परवा तुमच्यापैकी एकाच्या पत्रात वाचलं, की वार्षिक तपासणीत साखर जास्त निघाली, पण काळजीचं कारण नाही. ते "काळजीचं कारण नाही" मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुमच्या आजोबांच्या तपासणीचं तुम्हाला कोणी कधी नीट सांगितलेलं नाही, म्हणून क्रमाने लिहिते.

तेव्हा आम्ही रत्नागिरीत झाडगावात राहत होतो. हे शाळेत गणित शिकवत. नोकरी कायम व्हायची वेळ आली आणि त्यासाठी डॉक्टरचा दाखला लागे. सगळ्यांच्या लेखी तो नुसता सोपस्कार होता. छातीला नळी लावून घ्यायची, जीभ दाखवायची, बाटलीत लघवी द्यायची आणि सही घेऊन घरी यायचं. यांना पस्तिशीसुद्धा आली नव्हती. रोज मांडवीपर्यंत चालून येत. अलीकडे पाणी फार पीत, पण दिवसभर फळ्यापुढे बोलून घसा सुकत असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

सही मिळाली नाही. संध्याकाळी डॉक्टरच घरी आले. पडवीत बसले, सासूबाईंनी दिलेला चहा घेतला आणि माझ्याकडे वळून इंग्रजीत बोलू लागले. मी मॅट्रिक झालेली आहे हे त्यांना ठाऊक होतं. लघवीत साखर आहे, थोडीथोडकी नाही. हा मधुमेह आहे आणि तरुणपणी लागला की माणसाला फार वर्षं ठेवत नाही. मुंबईला यावर टोचायचं औषध मिळू लागलंय, पण पावसाळ्यामुळे बोट बंद. शिवाय ते थंडाव्यात ठेवावं लागतं, इथे बर्फ कुठून आणणार? ते बोलत होते आणि मी शाळेतल्यासारखी मान हलवत होते. इंग्रजी शिकल्याचा मला त्या दिवशी पहिल्यांदा राग आला.

"काय म्हणतात गो ते?" सासूबाईंनी विचारलं.

"लघवीतून साखर जाते म्हणतात. भात बंद करायला हवा."

बाकीचं मी त्यांना सांगितलं नाही. यांनाही सांगितलं नसतं, पण हे आतल्या दारात उभे होते आणि इंग्रजी त्यांना माझ्याहून चांगलं येत होतं.

"भात बंद, गोड बंद," डॉक्टर उठताना मराठीत म्हणाले. "पंधरवड्याने पुन्हा बघू. साखर गेली असली तर दाखला देतो."

भात बंद म्हटल्यावर सासूबाईंना धीर आला. आमच्या घरी भात नाही म्हणजे उपास, आणि उपासातलं त्यांना कोणी शिकवायला नको होतं. चातुर्मास लागलेलाच होता. त्यांनी हेदवीच्या गणपतीला नवस बोलून मुलाबरोबर स्वतःही भात सोडला. सकाळी वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, मधल्या वेळी राजेळी केळी, रात्री उकडलेली रताळी. साखर-गुळाचे डबे त्यांनी कुलपात टाकले. कधी तोंडाला चव म्हणून आंब्याचं साठं. साठं गोड, पण ते फळाचं. उपासाला चालतं ते पोटाला बाधत नाही, यावर घरात दुमत नव्हतं. माझंही नव्हतं.

हे झपाट्याने उतरले. सदरा खांद्यावर लोंबू लागला. तहान तर इतकी, की तांब्या उशाशी पुरेना. "साखर झडतेय हो," सासूबाई म्हणत. मी हो म्हणे आणि काहीतरी काम काढून विहिरीवर जाई. घरात रडायला जागा नव्हती. तुमचा बाप तेव्हा रांगत होता. हे त्याला मांडीवर घेऊन बसले की मी तिकडे बघत नसे, कारण बघितलं की मनात एकच हिशेब सुरू होई, हा बोलायला लागेपर्यंत तरी हे असतील का?

दुसऱ्या तपासणीला आम्ही तिघंही गेलो. डॉक्टरांनी आमच्यासमोरच काचेच्या नळीत निळं औषध ओतलं, त्यात लघवीचे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. "निळंच राहिलं तर साखर नाही," ते म्हणाले. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि मग नळीत गढूळ विटकरी रंग दाटून आला. मागच्या वेळेपेक्षा जास्त, हे त्यांच्या तोंडावरूनच कळलं.

"मास्तर, चोरून भात खाता की काय?"

हे काही बोलायच्या आत सासूबाई पुढे झाल्या. "शिताला शिवलेला नाही हो तो! मीसुद्धा नाही. देवाशपथ. नुसता उपास चाललाय."

"उपासाला काय देता?"

त्यांनी सगळं अभिमानाने सांगितलं, साठ्यासकट. डॉक्टरांनी दिवा विझवला.

"काकू, त्यापेक्षा भात खाल्लेला परवडला."

"म्हणजे?"

"म्हणजे रताळं काय, केळं काय, वरी काय, पोटात गेलं की त्याची साखरच. साठं तर उघडउघड साखर. तुमचा उपास देवाला पोचला असेल, या नळीला काही पोचला नाही."

हे एकदम हसले. "आई, एकादशी नि दुप्पट खाशी म्हणतात ते हेच गो!" त्यांचं ते हसणं मला सोसेना. सासूबाई हसल्या नाहीत. पदर तोंडाशी धरून त्या नळीकडेच बघत होत्या.

"मग त्याने खायचं तरी काय?"

"पालेभाजी, पडवळ, ताक. नाचणीची एखादी पातळ भाकरी. आणि अंडी."

चातुर्मासात आमच्या घरात कांदासुद्धा येत नसे. सासूबाईंनी दाराकडे बघून घेतलं. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "ती मिळतात कुठे?"

दाखला काही मिळाला नाही. नोकरी कधीच कायम झाली नाही. शाळा दर वर्षी मुदत वाढवून देई, एवढंच. डॉक्टरांनी मला एक नळी आणि निळं औषध दिलं, रंग ओळखायला शिकवलं. तुमचा बाप मॅट्रिकला बसेपर्यंत हे होते, आणि तोवर रोज सकाळी मागच्या पडवीत मी तो दिवा लावत होते.

सुरुवातीचे कित्येक दिवस विटकरीच येई. मग एका सकाळी रंग हिरव्यावर थांबला. मी नळी तशीच धरून ठेवली, पण तो पुढे गेला नाही. सासूबाई सोवळ्यात होत्या, दारातूनच त्यांनी विचारलं, "आज कसला?"

"हिरवा."

"म्हणजे गेली?"

"कमी झालीय. गेली नाही."

"जाईल ना गो?"

डॉक्टरांचं इंग्रजी बोलणं इतके दिवस मी सासूबाईंपासून दडवून ठेवलं होतं. "नाही, आई," मी म्हणाले. "जायची नाही. रोज अशीच बघत राहायची."

सासूबाईंनी आत जाऊन सोवळं सोडलं, आणि मागच्या वेगळ्या चुलीवर अंड्यासाठी आधण ठेवलं.