एका शब्दाचे चौदा अर्थ

ह्यांची कचेरीतली इंग्रजीची परीक्षा होती. एकदा नापास झाले होते. मामंजींचं करकंबहून कार्ड आलं, ‘यंदा जमलं नाही तर नोकरी सोडून इकडे या, शेत बघा.’ करकंबला पाणी लांबच्या विहिरीवरून आणायचं. इथे भवानी पेठेत दोनच खोल्या, पण दारात नळ होता आणि दुपारी मी एकटी असे. मला जायचं नव्हतं.

हे सकाळी ‘रन’ ह्या एकाच शब्दाचे अर्थ घोकत. पळणे, धावणे, वाहणे, चालणे, असे चौदा. ओळीने सगळे येत. मधलाच एखादा हवा असला की पुन्हा पळण्यापासून सुरुवात. मागच्या पेपरात लुगड्याचा रंग गेला, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य मराठीत करायचं होतं. ह्यांनी लिहिलं, लुगड्याचा रंग पळाला.

माझी शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी अक्षर ओळखत नव्हते, पण ऐकून अर्थ पाठ झाले होते. एके दिवशी हे अडले आणि पुस्तक आपटलं. मी भाकरी थापताना, खाली बघूनच म्हटलं, “ओळीने नका म्हणू. नळ सोडला की वाहणं. भोंगा झाला, गिरणी चालणं. नवं लुगडं भिजवलं की रंग जाणं.”

“आणि निवडणुकीला उभं राहणं? ते कुठं बसवलंस?”

“ते नाही बसलं. पळायचं म्हणतात आणि उभं कसं राहतात?”

हे मोठ्यानं हसले. “सायबाला सांगू का, बायकोनं शिकवलं म्हणून?”

“नका हो.”

मग महिनाभर मी काम करायची आणि हे मागे उभे राहून अर्थ म्हणायचे. शेजारची विणकरीण नळावर म्हणालीच, “मालकांची नोकरी गेली काय? सारखे तुमच्या मागंच हायेत की!” मी लाजून अर्धी घागर घेऊन आत आले.

हे पास झाले. कचेरीतले चौघे चहाला आले. एकानं विचारलं, “यंदा कसं काय जमवलंत?”

“घरात एक युक्ती निघाली,” हे म्हणाले. कुणी काढली ते सांगितलं नाही. मी आत कप विसळत होते. मला हायसं वाटलं. सांगितलं असतं तर मला बाहेर बोलावलं असतं.

करकंबला मामंजींना उत्तराचं कार्ड मात्र ह्यांनी मलाच लिहायला दिलं. ‘आम्ही इथेच राहतो’ हे मी जरा मोठ्या अक्षरात लिहिलं.