न उघडलेल्या इंजिनांच्या रेघा

गॅरेजमध्ये भंगार साठतं तसे किस्सेही साठतात. भंगार न्यायला निदान भंगारवाला येतो, किस्से न्यायला कोणी येत नाही. म्हणून आज मीच थोडे बाहेर काढते.

आमचं गॅरेज लातूर-नांदेड रस्त्यावर, लोह्याच्या अलीकडे. गफार उस्ताद मालक, बालाजी आणि मी मिस्त्री. मी आयटीआय करून इथं आले तेव्हा ड्रायव्हर लोक मला बघून चहा सांगायचे. आता इंजिनाचं दुखणं सांगतात.

आमच्याकडे येतात ते थकलेले ट्रक. सात-आठ लाख किलोमीटर पळालं की पिस्टनच्या रिंगा झिजतात, जळलेला गॅस खाली ऑइलमध्ये उतरतो आणि तो बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीतून भकाभका धूर निघतो. याला आम्ही ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतो. बाकीकडे एवढा धूर दिसला की इंजिन खाली उतरवतात. उस्ताद आधी ऑइलचं झाकण काढून त्या तोंडावर तळहात धरतात. मग एकच शब्द, ‘उघडा’ किंवा ‘न्हाई’. ‘न्हाई’ म्हटलं की भिंतीवर खडूची एक रेघ ओढतात.

एका ड्रायव्हरनं विचारलं, “उस्ताद, या रेघा कसल्या?”

“जी इंजनं उघडायला आणली अन् मी उघडली न्हाईत, त्यांच्या.”

“लोक तर उघडलेली मोजतात.”

“उघडायला पाना लागतो,” उस्ताद म्हणाले. “न उघडायला मिस्त्री लागतो.”

खडूला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. बालाजीनं एकदा उचलला होता. उस्ताद नुसतं “ठेव” म्हणाले, आणि बालाजीनं तो दोन्ही हातांनी ठेवला!

* * *

किनवटहून बांबूचा ट्रक आला. सगळीकडून ऑइल गळत होतं, ऑइल मोजायची पट्टी तर आपोआप उडून बाहेर यायची. आधीच्या मिस्त्रीनं सांगितलं होतं, रिंगा गेल्या, इंजिन पाडा. उस्तादांनी ब्रीदरच्या नळीत तार घातली. आतून मातीचा गोळा पडला. कुंभारमाशीनं नळीत घर बांधलं होतं आणि गॅसला वाटच उरली नव्हती.

ड्रायव्हर बघतच राहिला. उस्ताद म्हणाले, “माशीनं बिचारीनं एवढं घर बांधलं, अन् तुम्ही तिच्यापायी इंजन पाडायला निघालात.”

भिंतीवर रेघ आली.

* * *

दुसऱ्या एका पठ्ठ्यानं याच्या उलट केलं. धूर बघून लोक हसतात म्हणून त्यानं ब्रीदरच्या नळीत कापडाचा बोळा कोंबला आणि ऐटीत गाडी घेऊन आला.

“धूर बंद केला बघा उस्ताद.”

उस्तादांनी खाली वाकून ठिबकणारं ऑइल बघितलं. “हाव. आता तेल सुरू झालंय.”

* * *

माझा नाद मोजमापाचा. दवाखान्यातून सलाईनची नवी नळी आणली, वाकवून पट्टीवर बांधली, त्यात रंगीत पाणी भरलं आणि एक टोक इंजिनाला जोडलं. आत जितका दाब, तितकं पाणी वर चढणार.

“बेटा, इंजन ॲडमिट केलंस का?” उस्तादांनी विचारलं. मग त्यांनी पाण्याकडे न बघता ऑइलच्या तोंडावर तळहात धरला. “चार बोटं.”

पाणी बरोबर चार बोटं चढलं होतं. मी माझ्या नळीवर खूश, उस्ताद त्यांच्या हातावर. त्या दिवशी बालाजीला आम्हा दोघांचंही कौतुक ऐकावं लागलं.

* * *

उस्तादांना अलीकडे कमी ऐकू येतं. चाळीस वर्षं इंजिनांजवळ काढली, दुसरं काय होणार! आम्ही हळू बोललो की म्हणतात, “जोरात बोल, इंजन चालू हाय.” इंजिन बंद असलं तरी. आम्ही हसतो. पण त्यांचा शब्द चुकलेला मी कधी पाहिला नव्हता, आणि कधी पाहावा लागू नये असं मला मनापासून वाटायचं.

मग उदगीरचा मारोती त्याचा डाळीचा ट्रक घेऊन आला. धूर भरपूर. उस्तादांनी तळहात धरला आणि म्हणाले, “उघडा.”

मारोती स्टेपनीवर मटकन बसला. बालाजी इंजिन उचलायची चेनपुली आणायला गेला. धुराचा जोर बघायला मी ऑइलचं झाकण उलटं करून तोंडावर ठेवलं होतं, ते थडथड नाचत होतं.

तेवढ्यात गाडीखालून ‘फुस्स’ झालं, आणि झाकण थांबलं.

ब्रेकच्या हवेची टाकी भरली की कॉम्प्रेसरची जादा हवा व्हॉल्व्हमधून बाहेर सुटते, त्याचा तो आवाज. मी मारोतीला केबिनमध्ये बसवून ब्रेक मारायला लावले. टाकी उतरली, झाकण नाचायला लागलं. टाकी भरली, फुस्स, झाकण गप्प. रिंगा ठीक होत्या. झिजला होता कॉम्प्रेसर, आणि तोच आपली हवा इंजिनात ढकलत होता.

उस्तादांना तो फुस्स ऐकूच आला नव्हता. सांगायचं तर ओरडून सांगावं लागणार, आणि पाच-सहा ड्रायव्हर तिथं उभे.

मी ओरडले नाही. उस्तादांना गाडीशेजारी खाली बसवलं. त्यांचा एक हात ब्रीदरच्या नळीसमोर धरला, दुसरा हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हखाली, आणि मारोतीला खूण केली.

एका हातावर हवा सुटली की दुसऱ्या हातावरचा धूर कमी होत होता. तीनदा तसंच झालं. उस्ताद डोळे मिटून बसले होते.

मग उठले आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, “बालाजी, पुली ठेव. मी चुकलो. हिनं बरोबर धरलं.”

खात्रीसाठी बालाजीनं कॉम्प्रेसरची हवेची नळी काढून टाकली. इंजिन चालू होतं, तरी झाकण जागचं हललं नाही.

उस्तादांनी खिशातून खडू काढला आणि माझ्यापुढे धरला. मी बालाजीकडे बघितलं, तो भिंतीकडे बघत होता. मी कशीबशी बोटभर रेघ ओढली.

उस्ताद चार पावलं मागं गेले, डोळे बारीक करून बघत राहिले.

“जरा लांब ओढ,” ते म्हणाले. “रस्त्यावरून दिसली पाहिजे.”