मंगलाताईंचा राजीनामा मंजूर झाला

दर वर्षी जानेवारीच्या सभेत मंगलाताई सुभेदार अध्यक्षपदाचा राजीनामा देत. "आता मी थकले, नव्या माणसांनी पुढे यावं," असं म्हणून त्या चष्मा काढून टेबलावर ठेवत. मग सगळ्यांनी "नाही ताई, असं कसं चालेल?" म्हणायचं, ताईंनी उसासा टाकून चष्मा परत घालायचा. अकरा वर्षं हे सुरळीत चाललं. बाराव्या वर्षी घोटाळा झाला.

संस्थेचं नाव 'सोबत'. उज्जैनमधल्या समलैंगिक मुलामुलींसाठी ही पंधरा-वीस माणसं काम करायची. कुणाला घरच्यांनी कोंडलं तर जाऊन बोलायचं, पोलिसांकडे बरोबर जायचं, कॉलेजात जाऊन सांगायचं की बाबांनो, हा रोग नाही. पगार कुणालाच नाही. फ्रीगंजमध्ये एका टायपिंग क्लासच्या वरची खोली रविवारी सकाळी मिळायची, तिथे सभा.

मंगलाताईंनी मुलींच्या शाळेत तेहेतीस वर्षं गणित शिकवलं होतं आणि संस्थाही त्यांनी तशीच चालवली. हजेरी होई. उशिरा येणाऱ्याला कारण विचारलं जाई आणि पटलं नाही तर सगळ्यांसमोर तपासलं जाई. पण याच ताई एकदा एका कोंडलेल्या मुलासाठी त्याच्या दारासमोरच्या पायरीवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत स्वेटर विणत बसल्या होत्या. बाही पूर्ण होत आली तेव्हा घरच्यांनी कंटाळून दार उघडलं. त्यामुळे मुलं त्यांना घाबरायची आणि त्यांच्यावर जीवही टाकायची.

घोटाळा आल्हादने केला. तो देवासहून बदली होऊन आलेला, संस्थेत दोनच महिने झालेले. त्याला पद्धत माहीत नव्हती. ताईंनी चष्मा काढताच तो मनापासून म्हणाला, "बिल्कुल बरोबर आहे ताई. बारा वर्षं खूप केलंत. आता आराम करा. मी निहारिकाचं नाव सुचवतो."

मग मागून कुणीतरी घाबऱ्या आवाजात म्हणालं, "अनुमोदन." हात वर झाले. ताईंच्या शिस्तीप्रमाणे कोपर न वाकवता, सरळ. सतरापैकी चौदा. ताईंनीच मोजले.

निहारिका अठ्ठावीस वर्षांची, फिजिओथेरपिस्ट. हळू बोलायची आणि कशालाही "बघू या ना" म्हणायची. तिला संस्थेत आणलं होतं ताईंनीच.

घरी आल्यावर ताई दारातूनच म्हणाल्या, "चौदा हात, अंबिका! चौदा!"

अंबिका शेव-टमाट्याची भाजी करत होती. बँकेच्या नोकरीसाठी ती अकोल्याहून उज्जैनला आली, मराठी मंडळींच्या गणपतीत तिची ताईंशी ओळख झाली, आणि गेली एकतीस वर्षं दोघी एकत्र राहत होत्या.

"तूच म्हणालीस ना, थकले म्हणून?"

"म्हणायची पद्धत असते ती!"

"त्या बिचाऱ्याला काय माहीत पद्धत?" असं म्हणून अंबिका इतकी हसली, की तिला गॅस बंद करून खाली बसावं लागलं.

पुढच्या रविवारी जायचं नाही, असं ताईंनी ठरवलं. साडेनऊला मात्र त्या फक्त संस्थेच्या कपाटाची चावी द्यायला म्हणून निघाल्या. बघतात तर हजेरी नाही, टेबल कोपऱ्यात सरकवलेलं, खुर्च्या गोल मांडलेल्या. गोलात तोंड कुणाकडे करून बसायचं, हे त्यांना कळेना.

त्या दिवशी प्रश्न निघाला तो नेमका आल्हादचाच. तो आणि त्याचा जोडीदार विक्रांत उज्जैनच्याच देवास गेटजवळ सुधाकरनानांच्या वरच्या मजल्यावर राहत होते. विक्रांत तिथे चार वर्षांपासून होता, आल्हाद सुट्टीला यायचा आणि आता बदलीनंतर कायमचा आला होता. नानांनी महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितलं होतं.

"चला, आत्ता जाऊ! मी बोलते त्यांच्याशी," ताई उठल्याच. मग आठवलं आणि बसल्या.

"तुम्ही याच, ताई," निहारिका म्हणाली. "पण बोलेन मी."

"आणि मी काय करू?"

"तुम्ही चहा घ्या."

सुधाकरनाना रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांनी सगळ्यांना बसवलं, चहा मागवला. ताईंनी कप असा धरला, जणू तो सुटला तर तोंड सुटेल.

"नाना, या दोघांचा त्रास काय होतो?" निहारिकाने विचारलं.

"त्रास काही नाही. चांगली मुलं आहेत. माझा मोबाइल बिघडला की तेच ठीक करतात."

"मग?"

नाना गप्प. निहारिकाही गप्प. तेवढ्या वेळात ताईंनी कायद्याची चार वाक्यं सहज बसवली असती. त्यांनी दुसरा कप घेतला.

शेवटी नानाच बोलले. "लोक विचारतात हो. आधी सांगायचो, दोस्त आहेत. परवा भाची म्हणाली, मामा, दोघांपैकी एकाचंही लग्न कसं नाही? आता मी काय सांगू? खोटं मला जमत नाही, आणि खरं बोलायला शब्द नाही माझ्याकडे. त्यापेक्षा खोली रिकामी बरी."

"सांगा, जोडी आहे."

"जोडी?" नानांनी शब्द तोंडात घोळवून पाहिला. "जोडी तर बैलांची पण असते."

"चालेल नाना," विक्रांत म्हणाला.

"वर एक जोडी राहते," नानांनी म्हणून बघितलं. मग जरा मोठ्याने. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "ऐकलं हो पूर्ण मोहल्ल्याने!"

खोली राहिली. अट एकच, टाकी भरली की मोटर बंद करायची.

ई-रिक्षातून परतताना निहारिका म्हणाली, "ताई, तीन कप चहा झाला तुमचा." ताई हसल्या नाहीत. नानांचं बोलणं त्यांच्या मनातून जात नव्हतं. शहरभर आईबापांना 'खरं बोला' म्हणून सांगत त्या हिंडल्या होत्या, आणि स्वतःच्या गल्लीत अंबिका एकतीस वर्षं त्यांची मावसबहीण होती.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या सुलूताई ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. मंगलाताई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सुलूताई, अंबिका माझी मावसबहीण नाही."

"मग? आतेबहीण का?"

"बहीणच नाही. आमची जोडी आहे."

सुलूताईंचा हात थांबला. हळूहळू अर्थ उतरला आणि त्या भडकल्या. "आणि मी तिच्यासाठी सात स्थळं आणली! तो इंदूरचा विधुर तर दोन चकरा मारून गेला! तेव्हा काय मूग गिळून बसली होतीस?" मेथी उचलून त्या आत गेल्या.

वर अंबिका वेगळ्याच कारणाने चिडली. "सांगितलंस ते ठीक. पण मला विचारलंस? अर्धी जोडी मी आहे ना?"

"चुकलं माझं," ताई म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकल्याचं अंबिकाला आठवेना.

चार दिवस खालून बोलणं नाही, वाटीची देवघेव नाही. पाचव्या दिवशी सकाळी सुलूताई धापा टाकत जिना चढून आल्या आणि मंगलाताईंकडे न बघता थेट अंबिकासमोर उभ्या राहिल्या.

"खरं सांग मला. ही मास्तरीण तुला बरी वागवते का?"

स्वयंपाकघरात ताईंनी ऐकू यावं म्हणून नळ बंद केला. अंबिकाने उत्तर द्यायला हवा तेवढा वेळ घेतला.

"वागवते," ती म्हणाली. "फक्त कधीकधी बोलू देत नाही."

"ते मी बघते," सुलूताई म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून बसल्या.