वहिनीचा पाय

माझ्या थोरल्या वहिनीचा चेहरा गावात फार थोड्यांनी नीट पाहिला असेल, पण तिचा उजवा पाय सगळं वेळणेश्वर ओळखत होतं. ती पायाळू होती, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते. अशा माणसाने पाठीला पाय लावला की उसण उतरते, असा आमच्याकडे पक्का विश्वास. होडी ओढताना कंबर धरलेले गडी, मासळीच्या पाट्या वाहून मान आखडलेल्या बायका, कोणी ना कोणी रोज आमच्या पडवीत पालथं पडलेलं असे. वहिनी पदर सावरत यायची, आधी त्या माणसाला हात जोडायची आणि मग टाच हलकेच टेकवायची.

तिचा स्वतःचा त्या पायावर फारसा विश्वास नव्हता. "पायात काय नाय, भावजी," ती मला म्हणायची. "माणूस पालथा पडतो, श्वास सोडतो, अंग ढिलं होतं." म्हणून ती वर निगडीचा पाला बांधायची, तापल्या विटेचा शेक घ्यायला सांगायची आणि जाताना बजावायची, "वाकून उचलू नको. खाली बस, ओझं पोटाशी घे, मग ऊठ." बाबांचा जन्म होडीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, म्हणून गेलेला. त्यांना याचं हसू यायचं. "आता आमाला बसायला शिकवणार ही," म्हणायचे.

पाय लावण्याआधी मात्र ती प्रत्येकाला विचारायची, कुठं पडलास काय? पडलेल्या माणसाला ती कधीच पाय लावत नसे. "लचकलेलं वेगळं, आपटलेलं वेगळं," एवढंच सांगून परत पाठवायची. पुष्कळजण चिडून जात.

एका चैत्रात बाबा माडावरून घसरले. हे मला एकट्यालाच ठाऊक होतं. साठी उलटल्यावर आईने त्यांना गणपतीसमोर शपथ घालून माडावर चढणं बंद केलं होतं, आणि चढाऊ गडी दोन दिवस आला नाही म्हणून हे गृहस्थ गुपचूप चढले. मी वाडीत पोचलो तेव्हा बुंध्याशी बसले होते, तोंड पांढरंफटक. "दोन पुरुष उंचीवरनं सटकलो. पण उसण भरली म्हणून सांग," दातओठ खात म्हणाले. "दुसरं कायपण बोललास तर माज्या घरात ऱ्हायचं नाय." चढताना काढून ठेवलेली बंडी मागून घेतली, अंगात चढवली आणि माझ्या खांद्यावर भार टाकून कसेबसे घरी आले.

तासाभरात त्यांचं विव्हळणं शेजारी ऐकू जाऊ लागलं. दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, मुंबईला गोदीत कामाला. घरात आम्हीच. सुनेने सासऱ्याच्या अंगाला पाय लावायचा ही गोष्ट तोवर कोणी मनातही आणली नव्हती, पण आईला ते विव्हळणं सोसेना. "पाप लागलं तर मला लागूदे," ती वहिनीला म्हणाली. "लाव पाय."

वहिनी बाबांच्या उशाशी बसली. "मामंजी, कुठं पडलात काय?"

"नाय."

"पायाला मुंग्या येतात?"

"नाय म्हटलं ना."

तिने माझ्याकडे पाहिलं. "भावजी, तुमी होतात ना संगती?"

मी जमिनीकडे बघत म्हणालो, "उसणच आहे." वीस वर्षांचा घोडा होतो मी. बापाची भीती होतीच, शिवाय मनातून वाटत होतं, एकदा हिचा पाय लागला की सगळं निभावेल. त्या वाक्याची लाज मला आजही वाटते.

वहिनी उठली. हात जोडले, पाय उचलला आणि तसाच धरला. मग परत जमिनीवर टेकवला.

"उकाड्यात उघडे बसणारे मामंजी आज बंडी घालून कशाला निजलेत?"

आईचा तोल सुटला. "गावाला पाय लावतेस नी घरच्या माणसाला नाय? नसशील लावत तर उद्या माहेरची वाट धर."

"धरीन," वहिनी म्हणाली. "पण पाय लावणार नाय."

ती पुन्हा खाली बसली आणि सासऱ्याची बंडी बाजूने वर केली. छातीपासून काखेपर्यंत कातडी सोललेली होती. माडाला मिठी मारून घसरणाऱ्याचीच अशी सोलते, हे आमच्या गावात कोणाला सांगावं लागत नाही.

"किती उंचावरनं, भावजी?"

"दोन पुरुष," मी म्हणालो.

तिने मला दरवाजाची फळी उचकटायला लावली. बाबांना न वळवता फळीवर घेतलं, तिच्या दोन लुगड्यांनी बांधलं आणि होडीतून रत्नागिरीला नेलं. वाटभर ती त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरून बसली होती, लाटेने हलू नये म्हणून. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मणका मोडलाय. पाठीवर कोणी पाय दिला असता तर कमरेखालचं सगळं गेलं असतं. आईने माहेरचा शब्द पुन्हा काढला नाही.

बाबा काही महिने उताणे पडून होते, मग हिंडू लागले. पाठ मात्र वाकेना ती वाकेनाच. त्या दिवसाबद्दल सुनेशी ते चकार शब्द बोलले नाहीत.

दोन वर्षांनी दादाने मुंबईत खोली घेतली आणि वहिनीला बोलावून घेतलं. जयगडला आगबोट धरायची म्हणून आमची होडी किनाऱ्याला लावली होती. निरोप द्यायला निम्मा गाव जमलेला. वहिनी बाबांच्या पाया पडायला गेली तसे ते एक पाऊल मागे सरले. "वाकू नको," म्हणाले.

तिचं बोचकं वाळूत होतं. मी पुढे झालो तर बाबांनी हाताने थांबवलं. काठी टेकत, पाठ सरळ ठेवून, ते हळूहळू गुडघ्यांत बसले. बोचक्याला हात घालण्याआधी त्यांचा पंजा वहिनीच्या उजव्या पायावर टेकला आणि तोच हात त्यांनी कपाळाला लावला. सगळे बघत होते. वहिनीने पाय मागे घेतला नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मामंजी," ती म्हणाली, "पोटाशी घ्या."

बाबांनी बोचकं पोटाशी घेतलं आणि उठले.