केसपेपरवर आईचं नाव

अन्याय माझ्या धाकट्या बहिणीवर झाला. यंदा दिवाळीनंतर शाळा उघडली त्या सोमवारी सकाळी, इंदापुरातल्या एका दवाखान्यात. वय पंधरा. तीन आठवडे पाळी थांबत नव्हती.

लहान मुलांच्या डॉक्टरांनी "ही मोठी झालीय" म्हणून परत पाठवलं. लहानांना दवाखाना, बाळंतिणींना दवाखाना. मधल्या पोरींनी काय करायचं? आईनं तिला गरोदर बायकांच्या रांगेत नेलं. तिथं आमच्या कळस गावच्या एक काकू भेटल्या. त्यांनी बहिणीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काय गं, शाळा सोडून हितं कशी?"

"माझ्यासंगं आलीय," आई म्हणाली. "मलाच दाखवायचंय. लई जातंय अंगावरनं."

आणि केसपेपरच्या खिडकीवर तिनं स्वतःचं नाव, स्वतःचं वय सांगितलं. पोरीचं लग्न व्हायचंय, नाव खराब नको! डॉक्टर तपासू म्हणाले, तर नको म्हणाली. पाळी जायच्या वयात असं होतं, म्हणून त्यांनी गोळ्या दिल्या. आजारी पोरगी बाहेर बाकावर आईची पिशवी सांभाळत बसली होती.

घरी आईनं त्याच गोळ्या पुढं केल्या, तशी बहीण म्हणाली, "रक्त माझं, नाव तुझं. मग दहावीचा पेपर पण तूच दे की, आई." आम्ही हसलो. त्याच आठवड्यात शाळेत प्रार्थनेला उभी असताना ती कोसळली.

बारामतीत एका दवाखान्यात वयात येणाऱ्या पोरापोरींसाठी आता वेगळी खोली झालीय. तिथल्या डॉक्टरबाईंनी आईला बाहेर बसवलं आणि बहिणीला विचारलं, "तू सांग, काय होतंय?" हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. अंगातलं रक्त फार कमी झालं होतं. उपचार सुरू झाले. उद्या पुन्हा बोलावलंय.

आई म्हणते, "आता बरी हाय की. सारखं तितं गेल्यावर लोक काय म्हणतील?"

त्या काकू अजून आईला विचारतात, "थांबलं का गं?" आई "व्हय" म्हणते. गावोगाव आरोग्याची पत्रकं वाटणारी मी शेजारी उभी असते आणि मान हलवते. लाज वाटते, तरी मान हलतेच.

उद्या मी बहिणीला नेणार. तिच्याच नावानं. तुमच्या घरात पोरगी असेल तर केसपेपरवर तिचं नाव घाला, तिचं वय घाला. आपल्या दवाखान्यात अशी खोली नसेल तर मागा. आणि डॉक्टरांनी सांगितल्यावर उठा, बाहेर बसा. तिला बोलू द्या.