त्याने सांगितलेले बॉलर

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. लेकीजवळ नाही, बहिणीजवळ नाही. गावदेवीपुढे हात जोडते तेव्हाही ही गोष्ट वगळून बाकीचं सांगते. तुमच्याजवळ बोलते, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि उद्या मासळी घेताना मला भेटणार नाही. चौथीपर्यंत शिकले, नटवून लिहिता येत नाही. बरंच आहे. हे नटवण्यासारखं नाहीच.

आम्ही बाळकुमचे. शेतं गेली, टॉवर आले, सगळी भावकी लिफ्टने वर-खाली करायला लागली. जमीन विकलेल्या पुरुषाला काम उरत नाही, आणि अक्कल तर आधीही नव्हती. माझ्या पुतण्याने, दिनेशने, मोबाइलवर एक खेळ काढला. उन्हाळ्यात टीव्हीवर वीस ओव्हरचे सामने रोज चालतात ना – त्यातले चार बॉलर दर घराने निवडायचे. शनिवारी संध्याकाळपर्यंत नावं टाकायची, मग आठवडाभर बदल नाही. ज्याच्या बॉलरना विकेटी जास्त, ते घर पुढे. पैसे नाहीत, नुसतं नाक. आणि जे घर शेवटी पहिलं येईल, त्या घरच्या माणसाने थंडीत गावच्या टेनिस बॉल क्रिकेटचा पहिला बॉल टाकायचा.

एवढ्यासाठी नातवंडं झालेले बाप्ये एकमेकांशी बोलेनासे व्हायचे. हसू नका – मीही त्यातलीच निघाले.

आमचा म्हातारा, म्हणजे माझा नवरा काशिनाथ, तरुणपणी गावाचा बॉलर होता. पुढे साखरेने त्याचे डोळे नेले. उजेड आणि अंधार, एवढंच कळतं. तो कॉमेंट्री ऐकून नावं सांगायचा, मी मोबाइलवर टाकायचे. आणि नावं कसली सांगायचा! सगळी जुनी, मोठी, पाठदुखीवाली. कॉमेंट्रीवाले नावाचं कौतुक करतात, खांद्याचं करत नाहीत. ओव्हर संपल्यावर कोण कंबर धरतो, कोण धावताना पाय आखडतो, ते मला स्वयंपाकघरातून दिसायचं. आणि साधा हिशेब – ज्याच्या टीमचे आठवड्यात दोन सामने, तो बॉलर घ्यावा. एक सामना असलेला कशाला?

मी बोलून पाहिलं. तर म्हणाला, "गो, बॉलर म्हंजे काय मेथीच्या जुड्या हायत, दोन घेतल्या की बऱ्या? तू भाकऱ्या थाप."

थापल्या. आणि शनिवारी त्याची नावं ऐकून घेतली, मान हलवली, आणि माझे चार टाकले.

त्या आठवड्यात आमचं घर पहिलं आलं. इथवर काय वाईट? काहीच नाही. बायका असं आयुष्यभर करतात. भाजीत मीठ आपल्या हाताने घालतात आणि नवऱ्याला म्हणतात, तुम्ही म्हणालात तसंच केलं. माझं पाप तिथे नाही. पाप मी तो आठवडा संपल्यावरच्या रविवारी केलं.

देवळामागच्या कट्ट्यावर दिनेश म्हाताऱ्याला ओरडून म्हणाला, "तात्या, तो डावखुरा पोरगा कसा काय सुचला तुम्हाला? आमी त्याचं नावपण ऐकलं नव्हतं!"

म्हाताऱ्याने घरी आल्यावर मला विचारलं, "मी तर दुसरा सांगितला होता ना?"

त्या वेळी खरं सांगता आलं असतं. जीभ माझीच होती. मी म्हटलं, "नाही. तुम्ही हाच सांगितलात. विसरलात."

असं सहज म्हटलं. भांडण नको म्हणून? तसं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. त्याच्या तोंडावरचा गोंधळ बघून मला बरं वाटलं – हे खरं आहे.

मग दर आठवड्याला तेच. तो एक सांगायचा, मी दुसरं टाकायचे, आणि विचारलं की म्हणायचे, तुम्हीच सांगितलंत. हळूहळू त्याने विचारणंच सोडलं. जिंकणाऱ्याला काय, सगळं पटतं. कट्ट्यावर कारणं द्यायला लागला – त्या पोराचं मनगट बघा, टप्पा बघा. आंधळा माणूस मनगट बघा म्हणतोय आणि दहा डोळस माना डोलवतायत! घरी टेनिसचा बॉल घेऊन पॅसेजमध्ये उभा राहायचा. पहिला बॉल त्याचाच, असं सगळे धरून चालले होते. मला समोर बसवायचा. "सरळ येतो ना गो?" बॉल चपलांच्या रॅकवर आपटायचा. मी म्हणायचे, येतो.

शेवटच्या आठवड्याआधी त्याची गोळी द्यायला मी कट्ट्यावर गेले. मी मागे उभी आहे हे त्याला कळलं नाही, तो बोलत होता, "आमच्या हिला इचारशील तर दिसायला गोरा कोन तो सांगेल!" सगळे हसले. दिनेशने मला पाहिलं होतं. तोही हसला.

शनिवारी म्हाताऱ्याने चार नावं सांगितली. एकाची पाठ धरलेली, दोघांना एकेकच सामना, चौथ्याला सगळे धूत होते. मला सगळं माहीत होतं. हात पुसले, मोबाइल घेतला, आणि इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा, त्याने सांगितले तेच टाकले.

"तात्या, तुमचा पाठवाला तर बाहेर बसून पानी पितोय!" दिनेश आठवडाभर फोनवर खिदळत होता. आमचं घर घसरलं. पहिला बॉल दुसऱ्याच घरी गेला.

हरल्याचं मला काही नाही. पण चार दिवसांनी तो म्हणाला, "ती चार नावं मी सांगितली?"

"हो," मी म्हटलं. "तुम्हीच."

या वेळी ते खरं होतं. माझ्या तोंडून निघालेलं सगळ्यात वाईट खरं. कारण त्याला आठवत होतं की उन्हाळाभर तो अशीच नावं सांगत आलाय – आणि माझं म्हणणं होतं की नाही, तेव्हा शहाणी नावं सांगत होतात, आताच बिघडलात. मग तो माझं मानणार की स्वतःच्या डोक्याचं? डोळे गेलेला माणूस. त्याने माझं मानलं.

थंडीत सामने झाले. तो गेला नाही. कट्ट्यावर जाणंही सुटलं. डोळे गेले तेव्हा रडला नव्हता तो. या वेळी म्हणाला, "आता डोकंपन गेलं गो," आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. मी दिवा बंद केला. दिव्याचा त्याला काय उपयोग, म्हणून.

या गोष्टीला काही वर्षं झाली. डोकं त्याचं तेव्हा धड होतं, आजही आहे. डॉक्टरनेही तेच सांगितलं, पण डॉक्टरवर त्याचा विश्वास नाही. माझ्यावर आहे. मोबाइलवरचा तो खेळ अजून चालतो. टीम आता माझ्या नावावर आहे, आणि दिनेश शुक्रवारी फोन करतो, "काकी, कोन घेऊ?"

मी सांगते.

म्हातारा तिथेच खुर्चीवर असतो. आंघोळ झाली का, जेवलो का, आज कोणता वार, सगळं मला विचारतो. त्याला माहीत असतं. तरी विचारतो. आज सकाळी ओल्या केसांनी बसून त्याने विचारलं, "गो, माझी आंघोळ झाली काय?"

मी म्हटलं, झाली.