कौल मीच मागितला

बन कसं गेलं असं आता कुणी विचारलं, तर मी सरळ सांगते, माझ्यामुळं गेलं. ऐकणारं माणूस म्हणतं, असं कसं आजी, तुम्ही तर अडवायला सगळ्यांत पुढं होता. होते ना. पुढं होते म्हणूनच गेलं.

आमचं गाव सांगोला तालुक्यातलं. माणसांपेक्षा शेरडं-मेंढरं जास्त, चार मैल चाललं तरी डोक्यावर सावली नाही, आणि ओढ्याकाठी तेवढं देवाचं बन. चिंचा, लिंब, दोन वड, मधे हिवर-बोरींची दाटी. त्या चिंचा कुणी लावल्या हे सांगणारं माणूस माझ्या सासऱ्यांच्या लहानपणीसुद्धा उरलं नव्हतं. थोरल्या चिंचेला एकदा आम्ही चौघी जावांनी हात धरून वेढा घातला, तर दोन हात कमी पडले. बनातली पडलेली काडीही घरी न्यायची नाही, ती जत्रेत देवाच्या चुलीलाच लागायची. लग्न होऊन आले तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी चांगली मोळीभर वाळकी फाटी घेऊन आले, मनात म्हटलं सासूबाई खूश होतील. त्यांनी मला उंबऱ्याच्या आत घेतलंच नाही. मोळी तशीच डोक्यावर घेऊन परत ठेवून ये म्हणाल्या. त्या दिवशी आमच्या घरी शेणकुटांवर भाकरी झाल्या, आणि मला ते बन आपलं वाटायला लागलं.

देवाला देऊळ नव्हतं. झाडाखाली चौथरा, चौथऱ्यावर उत्तरेकडं तोंड करून शेंदूर फासलेला तांदळा, म्हणजे बिनघडीव दगडाचा देव, बस्स. तीन वर्षांमागं सरपंचांनी काढलं की देवाला सभामंडप पाहिजे. लाकडाचा वखारवाला ओढ्याकडची सोडून बाकीची झाडं नेणार आणि त्याच्या बदल्यात लोखंडी खांब उभे करून वर पत्रे टाकून देणार. गावाला फुकटात मंडप.

मी आणि माझी धाकटी जाऊ दारोदार फिरलो. जाऊ बोलायला कमी, पण एकदा उठली की बसत नाही. माझी भाची सोलापुरात शाळेवर शिकवते. तिनं सांगितलं, मावशी, भांडू नका, अर्ज करा, झाडांची मापं लिहा, सह्या घ्या. मी चौथीत शाळा सोडलेली, पण लिहायला-वाचायला नंतर माझी मी शिकले, आणि तो अर्ज मी माझ्या हातानं लिहिला. गावातल्या निम्म्या बायांच्या सह्या नि अंगठे झाले. तालुक्याच्या ऑफिसातल्या क्लार्कनं अर्ज घेतला, शिक्का मारून पोच दिली आणि म्हणाला, "साहेब पाहणीला येस्तवर कुणी कुऱ्हाड लावायची न्हाय." तसा निरोप गावातही आला. म्हणजे बघा, आम्ही जिंकत होतो.

मग ग्रामसभा झाली. सरपंच नात्यानं माझा पुतण्या लागतो. सगळ्यांसमोर म्हणाला, "काकू, देवाच्या घरचं भांडण तुमी सांगोल्याला नेलंसा व्हय? उद्या देवाला आधारकार्ड काढायला लावशीला."

माणसं हसली. मी म्हटलं, "देवाला न्हाय लागत. लाकडं नेणाऱ्याला लागतंय."

आता बाया हसल्या. ते हसू माझ्या डोक्यात गेलं, दुसरं काही नाही.

तो म्हणाला, "पण देवालाच डोक्यावर छप्पर पायजे असलं तर?"

"मग देवालाच इचारा की. लावा कौल."

जावेनं मला दंडाला धरून खाली ओढलं. "आक्का, गप बसा. आपल्याजवळ कागद हाय न्हवं?"

मी बसले नाही. सरपंचानं विचारलं, "आन् कौल मिळाला तर मान्य?"

"मान्य. अर्ज मी सोता मागं घेईन."

मला कुणी बोलायला लावलं नव्हतं. माझी खात्रीच होती. ज्या देवाच्या बनातली काडी घरी आणली म्हणून मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले, तो देव आपली चिंच तोडा म्हणेल, हे माझ्या डोक्यातच येत नव्हतं.

आमच्याकडं कौल असा लावतात. शेवंतीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून तांदळ्याच्या दोन अंगांना चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. देवाच्या उजव्या अंगाची आधी पडली तर होकार, डाव्या अंगाची पडली तर नकार. रविवारी सकाळी सगळं गाव बनात बसलं. पुजाऱ्यानं पाकळ्या लावल्या, बन तोडून मंडप बांधावा का म्हणून विचारलं आणि बाजूला झाला. आम्ही बघत बसलो. मी डावीवर डोळे लावले होते, त्यामुळं उजवी पडलेली मला दिसलीच नाही. जाऊ म्हणाली, "पडली."

सरपंचसुद्धा खाली बघत राहिला. असं होईल हे त्यालाही वाटलं नसावं.

दुसऱ्या दिवशी मी एकटी सांगोल्याला गेले आणि अर्ज मागं घेतला. क्लार्कनं दोनदा विचारलं, "आजी, नक्की? कारण काय लिवू?" मी म्हटलं, देवानं सांगितलंय. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि 'अर्जदाराच्या स्वेच्छेने' असं लिहिलं. मी खाली सही केली.

लाकूडतोडे मशीनच्या करवती घेऊन आले. आम्हाला वाटलं होतं महिना लागेल. दोन दिवस लागले. थोरल्या चिंचेच्या ढोलीत पोपटांची पिल्लं होती, ती खाली आली. जाऊ ओढ्याकडं तोंड करून बसली होती, तिनं मान वळवली नाही. मी चौथऱ्यावर बसले. तिथं बसल्यावर मला दिसलं ते सांगते. सकाळचं ऊन देवाच्या उजव्या अंगावर पडत होतं, नुसतं तेवढ्याच अंगावर. मी वर बघितलं. पूर्वेकडच्या लिंबाला, जो अजून उभा होता, एक मोठी फांदी नव्हती. कौलाच्या आठ दिवस आधी लाइनवाले आले होते, तारेला लागते म्हणून त्यांनी ती उतरवली होती. मीच त्यांना चहा दिला होता. एवढ्या बनात एक फांदी, म्हटलं, जाऊ दे. तिथून ऊन आत आलं, उजवी पाकळी आधी वाळली आणि आधी पडली. यात कुणाची लबाडी नव्हती. लबाडी असती तर मी निदान भांडले असते.

जावेला सांगितलं तर ती म्हणाली, "मग आदी का न्हाय बघितलंसा?" त्यानंतर वर्षभर ती माझ्याशी बाजरी, पाणी, औषधं एवढंच बोलली. पुजाऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "वैनी, ऊनबी देवाचंच की."

आता मंडप आहे. दुपारी पत्र्याखाली माणूस बसू शकत नाही, भट्टी होते. लग्नं होतात, मोठ्या आवाजात गाणी लागतात, पत्रे थरथरतात. मेंढरं घेऊन जाणारे पूर्वी बनात टेकायचे, ते आता सरळ निघून जातात. देवाला मी रोज दिवा लावते. विचारत काही नाही.

यंदा पुन्हा निघालंय. लग्नाच्या गाड्या लावायला आणि आचाऱ्यांना जागा पुरत नाही, म्हणून ओढ्याकडची झाडं काढायची. मी परत अर्ज लिहिला आणि त्याच दारांत गेले. चहा सगळीकडं मिळाला, सही कुठंच नाही. एकीनं स्पष्टच सांगितलं, "आत्ती, देवानं एकदा व्हय म्हणलंय. आमी कशाला मधी पडावं? तुमीच मान्य केलंसा न्हवं?" मी उन्हाचं सांगायला लागले, तर ती म्हणाली, "हरल्यावर सगळ्यास्नी ऊन दिसतंय." तिचं चुकलं नाही. मी तिच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं, अजून चार शब्द जास्त बोलले असते.

शेवटी घरी येऊन कागद चुलीपाशी ठेवला. जावेनं हात पुसले, कागद वाचला आणि सही केली. मला म्हणाली, "येते मी संगं. एकटीला न्हाय सोडत."

मला बरं वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं.

एस.टी.ला उभ्या होतो तर सरपंच मोटरसायकलवरून आला. "काय काकू, ह्या टायमाला कौल न्हाय व्हय?"

"न्हाय."

"देवावरचा इश्वास उडाला म्हना की."

स्टँडवर सात-आठ बाया होत्या, सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. एवढी बोलकी बाई मी, पण एस.टी.च्या वाटेकडं बघत राहिले.

ऑफिसात तोच क्लार्क. त्यानं मला लगेच ओळखलं. अर्ज वाचला, झाडांची मापं बघितली, खाली दोनच सह्या बघून भुवया वर केल्या. मग पेन हातात धरून मला म्हणाला, "आजी, ह्या खेपेला मागं घेणार न्हाय न्हवं?"

मी तोंड उघडायच्या आधी जाऊ म्हणाली, "त्यास्नी नगा इचारू. मला इचारा."

त्यानं अर्ज माझ्यासमोरून उचलला आणि तिच्यापुढं ठेवला.